मोती, मोहरा आणि खुर्दा

(दिल्ली परिसरातील मराठी रहिवाशांच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते इतिहास शिकवत, म्हणून मी इतिहासातलाच विषय घेतला आहे. तो थोडा अप्रिय आहे. लढायांत आणि हल्ल्यांत मेलेल्या माणसांची गणती कशी होते, आणि अशा दोन गणत्या शेजारी ठेवून 'हे मोठं की ते मोठं' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय करत असतो, हा तो विषय. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला तो टाळता येत नाही. बुराडी, पटपडगंज, पानिपत ही आपल्यासाठी मेट्रोच्या आणि बसच्या पाट्यांवरची नावं आहेत, आणि तिन्ही ठिकाणी आपली माणसं मेलेली आहेत.

सुरुवात अमेरिकेपासून करते, कारण या तुलनेची सवय सगळ्यांत जास्त त्यांना आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथं लगेच पर्ल हार्बरचं नाव निघालं. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये २,४०३ अमेरिकन मेले होते. २००१ च्या हल्ल्यात, एकोणीस हल्लेखोर सोडून, २,९७७ माणसं मेली. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एका दिवसात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या २,५०१ धरतात. आणि या सगळ्यांच्या वर एक नाव घेतलं जातं: अँटिएटम. १७ सप्टेंबर १८६२, यादवी युद्धातली लढाई. त्या एका दिवशी रणांगणावर सुमारे ३,६५० माणसं ठार झाली. जखमी आणि बेपत्ता धरले तर आकडा २२ हजारांच्या पुढे जातो.

रांग सरळ दिसते. पण जरा खोदून पाहिलं की या आकड्यांत वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या दिसतात. पर्ल हार्बरचे मृत बहुतेक सैनिक आणि खलाशी होते. त्यातले १,१७७ तर 'अॅरिझोना' या एकाच युद्धनौकेवरचे. २००१ चे बहुतेक नागरिक होते, कामावर गेलेले, विमानात बसलेले. त्यात नव्वदच्या आसपास देशांची माणसं होती, तरी सगळा आकडा 'अमेरिकेची हानी' म्हणून लिहिला जातो. अँटिएटमचे ३,६५० हे त्या दिवशी जागेवर पडलेले; पुढच्या आठवड्यांत तंबूंत आणि कोठारांत जखमांनी गेलेले त्यात नाहीत.

अँटिएटममध्ये याहून महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. तो आकडा सगळ्यांत मोठा का? कारण तो दोन्ही बाजूंचा आहे. उत्तरेचे सुमारे एकवीसशे आणि दक्षिणेचे सुमारे पंधराशे, असं जोडल्यावर तो दिवस पहिल्या क्रमांकावर जातो. १८६२ साली ही बेरीज कुणी केली नसती. तेव्हा दक्षिणेचा मेलेला शिपाई उत्तरेच्या लेखी बंडखोर होता, जमेच्या बाजूला टाकायचा. नंतरच्या पिढ्यांनी त्याला आपला म्हटलं, आणि मगच अँटिएटम हा 'अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित दिवस' झाला. प्रेतं तेवढीच होती. आपलं कोण, याचं उत्तर तेवढं बदललं.

आज मला एवढंच सांगायचं आहे. मेलेल्यांचा आकडा रणांगणावर आपोआप तयार होत नाही. कुणीतरी तो मोजतं, कुणाला तरी मोजायचं ठरवतं आणि कुठं तरी थांबतं. या तीन गोष्टी विचारल्याशिवाय केलेली तुलना ही नुसती आकड्यांची शर्यत असते.

कोण मोजतो, इथपासून पाहू. आपल्यापैकी अनेकांनी नोएडातलं गोल्फ कोर्स हे मेट्रो स्थानक पाहिलं असेल. तिथल्या गोल्फच्या मैदानात इंग्रजांनी १९१६ मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या भागात दिल्लीची लढाई झाली, हिलाच पटपडगंजची लढाई म्हणतात. एका बाजूला इंग्रजांचा जनरल लेक, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांची कवायती फौज आणि तिचा फ्रेंच सेनापती बुर्कँ. लेकच्या बाजूचे ठार आणि जखमी मिळून पाचशेच्या आत. शिंद्यांच्या बाजूचे किती? तीन हजार, असं सांगतात. 

त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आपल्या जालना भागात असईची लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची हानी अशी नोंदली आहे: ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. मराठ्यांचे मृत: बाराशे. एका बाजूला बेपत्ता अठरा माणसांपर्यंत काटेकोर हिशेब आहे आणि दुसऱ्या बाजूला सरळ शंभराच्या पटीतला अंदाज. आकड्याची ही ठेवणच मोजणारा कोणत्या छावणीत बसला होता ते सांगते. आपल्या माणसांची हजेरी घेता येते, समोरच्यांची प्रेतं मैदानावरून चालत जाताना नजरेनं मोजायची असतात. आणि या दोन आकड्यांचा भागाकार करून आपण कुणाचं नुकसान किती पट झालं ते ठरवतो.

दिल्लीच्या रिजवर १८६३ मध्ये बांधलेला एक मनोरा आहे. १८५७ मध्ये दिल्लीला वेढा घालणाऱ्या इंग्रजी फौजेचं ते स्मारक. त्याच्या फलकांवर ठार, जखमी आणि बेपत्ता यांचे तक्ते कोरले आहेत, त्यात गोरे वेगळे आणि देशी वेगळे. त्या फौजेसाठी लढलेला शीख, गुरखा, पठाण शिपाई निदान एका रकान्यात तरी आला. शहराच्या आतून लढलेले, आणि शहर पडल्यावर गल्लीबोळांत मारले गेलेले, कोणत्याच रकान्यात नाहीत. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, तिथं नवा फलक बसला. जुन्या मजकुरात ज्यांना शत्रू म्हटलं आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले लोक होते, असा खुलासा त्यावर आहे. मनोऱ्याचं नाव अजितगड झालं. खुलासा योग्यच आहे. पण तक्ता तसाच राहिला, कारण भरायला आपल्याकडे आकडेच नव्हते.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१. तिथून आलेली ती सावकारी चिठ्ठी इथल्या प्रत्येकाला शाळेपासून माहीत आहे. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, सत्तावीस मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खाली खुर्दा, ज्याची मोजदाद नाही. आपण ती चिठ्ठी हळहळत म्हणतो. मला ती हिशेबाचा कागद म्हणून वाचायला आवडते. त्या काळच्या व्यवहारात कुणाची नोंद व्हायची आणि कुणाची नाही, याचा इतका प्रांजळ कागद दुसरा सापडणार नाही. मोती एकेक मोजले आहेत, मोहरांची संख्या अचूक आहे आणि माणसांचा मोठा समुदाय एका ओळीत बिनहिशेबी सोडून दिला आहे.

मग पानिपताचे जे आकडे आपण ऐकतो ते कुठून आले? बरेचसे दुसऱ्या, म्हणजे अब्दालीच्या, छावणीतून. काशिराज पंडित शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता, लढाई त्यानं त्या बाजूनं पाहिली, आणि सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहून काढली. कैद झालेल्या चाळीस हजारांचा आकडा त्याच्या वृत्तांतावरून चालत आला. प्रेतांच्या बत्तीस राशी मोजल्या आणि त्यांत अठ्ठावीस हजार देह भरले, असंही जुन्या वृत्तांतांत येतं. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात लढाईत आणि लढाईनंतर मेलेले, सैनिक आणि बुणगे मिळून, एक लाखाहून कमी नसावेत असा निष्कर्ष काढला. अठ्ठावीस हजार आणि एक लाख यांत विरोध नाही. पहिला आकडा मैदानावरच्या देहांचा आहे. दुसऱ्यात खंदकात, रानात, पळताना, थंडीत आणि भुकेनं मेलेले आणि दुसऱ्या दिवशी छावणीत मारले गेलेले येतात. त्यातलाही फार मोठा भाग लढणाऱ्यांचा नव्हता. यात्रेकरू, व्यापारी, कारागीर, नोकर, बायका, मुलं. बंदी करून नेलेल्या बायकांचं आणि मुलांचं पुढे काय झालं, ते कोणत्या आकड्यात धरायचं?

इथं तिसरा प्रश्न येतो: गणती कुठवर चालवायची. नाना फडणीस पानिपतावर होते, वयानं विशीच्या आत. ते निसटले, पण बरोबर असलेली आई परत आली नाही. आत्मचरित्रात त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. समशेरबहादूर रणातून बाहेर पडले आणि जखमांनी जाटांच्या मुलखात गेले. ते पानिपतावर मेले की नाही? नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ ला पर्वतीवर वारले. त्यांना तर आपण सर्रास पानिपताच्या खात्यावर टाकतो. उलट भाऊसाहेब गेले हे त्यांच्या पत्नीनं, पार्वतीबाईंनी, शेवटपर्यंत मानलं नाही असं सांगतात. देहाची ओळख पटली की नाही यावर एवढा संशय राहिला की पंधरा वर्षांनी एक तोतया भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे किल्ले आणि माणसं गेली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत पुण्याच्या कारभाराला घोर लागला. इंग्रजी तक्त्यात 'बेपत्ता' हा एक सुटसुटीत रकाना असतो. इथं त्या रकान्यातून एक बंड निघालं.

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी याच शहरात संसदेवर हल्ला झाला. पाच हल्लेखोर सोडून मृतांची संख्या नऊ सांगतात: पोलीस, संसदेचे सुरक्षा कर्मचारी, केंद्रीय राखीव पोलीस दलाची एक महिला शिपाई, एक माळी. जखमी झालेला वृत्तसंस्थेचा एक कॅमेरामन पुढे बऱ्याच काळानं गेला; कुठं तो आकड्यात येतो, कुठं नाही. त्या हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं, सीमेवर सुमारे दहा महिने फौज उभी राहिली. युद्ध झालं नाही. तरीही सुरुंग, अपघात आणि इतर कारणांनी ७९८ जवान गेले, असं तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनी २००३ मध्ये संसदेत सांगितलं. कोणत्या लढाईच्या नावावर लिहायचे हे ७९८? लढाई झालीच नाही, म्हणून लढायांच्या कोणत्याही तुलनेत ते येत नाहीत. कारगिलचे ५२७ मात्र आपल्याला पाठ असतात.

कुणाला मोजायचं या प्रश्नाकडे पुन्हा वळते, कारण तो सगळ्यांत बोचरा आहे. इंडिया गेट आपण पाहुण्यांना हमखास दाखवतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांचं ते स्मारक. त्यावर नावं मात्र १३ हजारांहून थोडी अधिक आहेत, प्रामुख्यानं वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. बाकीच्यांची नावं देशाबाहेर, जिथं ते मेले त्या प्रदेशांतल्या स्मारकांवर असायची. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या संख्येनं होत्या. कूतच्या वेढ्यात त्या अडकल्या, उपाशी राहिल्या, कैदेत गेल्या. तिथलं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर इंग्रज शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायाचं नाव कोरलेलं नाही. पलटणीखाली नुसती संख्या दिली गेली.

२०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानंच नेमलेल्या समितीनं हे मान्य केलं. तिच्या अहवालाप्रमाणे आशियाई आणि आफ्रिकी अशा ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण गोऱ्यांच्या तुलनेत असमान पद्धतीनं झालं, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावंच नोंदली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. १७६१ च्या चिठ्ठीत खुर्दा मोजला नव्हता. सुमारे दीडशे वर्षांनी छापखाने, पगारपत्रकं आणि शिपाई क्रमांक असलेल्या साम्राज्यानंही तो तसाच सोडला. साधनं नव्हती म्हणून माणसं राहून गेली, हे पानिपताबद्दल एक वेळ म्हणता येईल. बसऱ्याबद्दल म्हणता येणार नाही.

याच्या उलट एक दगड साताऱ्याजवळ अपशिंग्यात आहे. त्या गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, आणि सरकारनं गावात स्मृतिशिला बसवली. ७० हजारांपुढे ४६ म्हणजे काहीच नाही. पण हे शेहेचाळीस एका गावचे आहेत. एका आळीत चार घरं, एका घरात दोन भाऊ, असं ते नुकसान भोगायचं असतं. आपल्या शेजारी हरियाणात रेवाडीला रेझांग लाचं स्मारक आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंगांच्या हाताखालच्या सुमारे १२० जणांच्या तुकडीतले शंभराहून अधिक पडले, आणि ते बहुतेक याच भागातले अहीर होते. शंभर ही संख्या युद्धांच्या कोणत्याही यादीत तळाशी जाईल. १२० पैकी शंभर म्हटलं की ती यादी उलटी करावीशी वाटते. कितीपैकी किती, हे न सांगता दिलेला मृतांचा आकडा अर्धाच असतो.

आता आपलं कोण, या अँटिएटमच्या प्रश्नाकडे. पटपडगंजला शिंद्यांच्या पलटणींत पडलेले शिपाई जन्मानं मराठी होते का? पुष्कळसे अवध आणि बिहारकडचे पुरबिये, रजपूत, मुसलमान होते. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे गारदी, बहुसंख्य दख्खनी मुसलमान आणि तेलंगे, शेवटपर्यंत लढले. ते 'मराठ्यांच्या हानीत' येतात आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणीत मराठे येत नाहीत. आणि समोर कोण होतं? अब्दालीबरोबर नजीबाचे रोहिले होते, शुजाची अवधी फौज होती, अनुपगिराचे गोसावी होते. त्यातली बरीच माणसं याच दोआबातली, आज ज्याला आपण एनसीआर म्हणतो त्याच्या आसपासची. त्यांचे मृत आपल्या एकाही मराठी पुस्तकाच्या बेरजेत मी पाहिलेले नाहीत. अमेरिकेला दक्षिणेचे मृत आपले म्हणायला दोन-तीन पिढ्या लागल्या. आपल्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली आहेत.

कुणी म्हणेल, आकड्यांचा एवढा कीस कशाला? मेलेला परत येत नाही. याला उत्तर याच शहरातलं आहे. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सुरुवातीचा सरकारी आकडा काही शेकड्यांत होता. नागरिकांनी आणि वकिलांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून नावं गोळा केली. मग मृतांची संख्या ठरवण्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली, आणि १९८७ मध्ये आहुजा समितीनं दिल्लीपुरता २,७३३ हा आकडा दिला. शेकड्यांपासून तिथवरचं अंतर नावांच्या याद्यांनी कापलं. विधवेची भरपाई, मुलाची नोकरी, न्यायालयातला खटला, यांतलं काहीही नाव नसलेल्या मृताच्या वाट्याला येत नाही. मोजलं जाणं हा मेलेल्याचा हक्क आहे, आणि मागे राहिलेल्याचा तर आहेच.

मराठी राज्याला हे कळत होतं. लढाईत पडलेल्याच्या मुलांना बालपरवेशी मिळे, कुणाला इनाम मिळे. शिलेदाराच्या घोड्याची किंमत ठरवून नोंदवत, कारण घोडा पडला तर भरपाईचा प्रश्न येई. म्हणजे खुर्द्याची नोंद चिठ्ठीत नसली तरी कागदांत विखुरलेली असणार. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपताच्या काळातल्या पत्रांचाच. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडीचे ४५ खंड छापले. पण या सगळ्यांनी त्या कागदांना विचारलं ते राजकारण: कोण कुठं गेला, कुणी कुणाला काय लिहिलं. पानिपतावर पडलेल्यांची नावं, गाव, पथक आणि मागे राहिलेली माणसं, असा प्रश्न घेऊन ते दप्तर सलग कुणी तरी वाचायला हवं.

अमेरिकेत असं काम झालं आहे. यादवी युद्धातले ६ लाख २० हजार मृत हा आकडा शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत होता. २०११ मध्ये डेव्हिड हॅकर या अभ्यासकानं जुन्या जनगणनांतून गायब झालेल्या पुरुषांचा हिशेब लावला आणि तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. लढाई संपून दीडशे वर्षं झाल्यावर एक लाखाहून जास्त माणसं हिशेबात आली. आपल्याकडे १७६१ ची जनगणना नाही. पण बालपरवेशीचे हुकूम आहेत, पथकांचे हिशेब आहेत, वतनाच्या तंट्यांत 'वडील पानिपतावर पडले' असं सांगणारे अर्ज आहेत. घराण्यांचे कुलवृत्तांत आहेत, जरी त्यांत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या घरांचीच माणसं सापडतील. पुण्याच्या कागदांना जोडायला दिल्लीत जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे, आणि पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र भागात स्वतःला पानिपतातून वाचलेल्यांचे वंशज मानणारा रोड मराठा समाज आहे. त्यांच्या परंपरेबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वाचलेल्यांची बाजू विचारायला त्यांच्याकडे जावंच लागेल.

अशी यादी पूर्ण होणार नाही हे मला ठाऊक आहे. एक लाखांपैकी दोन हजार नावं मिळाली तरी खूप झालं. पण तिचे नियम आधी ठरवावेत. त्यात सरदार वर आणि शिपाई खाली अशी मांडणी नसावी. गारदी, पुरबिया, मोतद्दार, पाणक्या, यात्रेला आलेली म्हातारी, सगळे एकाच वर्णानुक्रमानं यावेत. आणि समोरच्या बाजूचा रोहिला किंवा गोसावी नावानिशी सापडला तर त्यालाही जागा असावी.

दरवर्षी १४ जानेवारीला इथली मंडळी पानिपतला काला आंबला जातात, भाषणं होतात, आणि एखादा वक्ता तरी म्हणतोच की जगाच्या इतिहासात एका दिवसात एवढी माणसं कुठं पडली नाहीत. मी विनंती करते की मोडी येणारी पाच-दहा माणसं आपण या शहरातून उभी करू, पुण्याला पाठवू, आणि पुढच्या वर्षीपासून काला आंबवर भाषणाआधी सापडलेली नावं वाचू. पानिपत मोठं की दुसरं कुठलं, हा वाद तोवर बाजूला ठेवायला हरकत नाही.